खोगीरभरतीचे प्राथमिक धडे

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलला आरामदायी सीट करून घ्यावी, असं ज्यांना नुकतंच वाटू लागलं आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. अनुभवी मंडळींनी वाचू नये. त्यांच्या माळ्यावर तीन-चार सीट पडून आहेत आणि गाडीवर आत्ता जी आहे तिच्याबद्दल त्यांचं मत व्हायचं आहे.

साहित्य: एक मोटारसायकल, एक कंबर (चाळिशी ओलांडलेली असल्यास उत्तम), कुरियरचा एक रिकामा खोका आणि मुळशी तालुका.

पहिल्या तीन गोष्टी बहुतेकांकडे असतात. चौथीसाठी पुण्यात राहावं लागतं. सीट तपासायला लोक लडाखला जातात, ही गैरसमजातून आलेली प्रथा आहे. लडाखमध्ये सीट वाईट निघाली तर परत यायलाही तीच सीट असते. मुळशीत वाईट निघाली तर पिरंगुटला गाडी लावून घरी फोन करता येतो. शिवाय लडाखला जे आठ दिवसांत मिळतं ते चांदणी चौक ते ताम्हिणी या साठेक किलोमीटरमध्ये सगळं मिळतं: कोंडी, गतिरोधक, घाट, गुळगुळीत डांबर, गेल्या वर्षी गुळगुळीत असलेलं डांबर, आणि जुलैत आडवा पाऊस.

धडा पहिला: अंगठा खिशात ठेवा

दुकानात शिरल्यावर नवशिका सर्वांत आधी सीट अंगठ्यानं दाबून पाहतो. ती आत गेली की त्याचा चेहरा खुलतो. दुकानदार हे ओळखून असतो, म्हणून दर्शनी भागातल्या सगळ्या सीट अंगठ्याच्या मापानं बनवलेल्या असतात. अंगठ्याला ताम्हिणीला जायचं नसतं.

जायचं असतं बैठकीच्या दोन हाडांना. आपण ताठ बसतो तेव्हा वरच्या अंगाचा बराचसा भार कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. फोम मऊ असला तर ही टोकं थोड्याच वेळात त्यातून आरपार जाऊन खालच्या प्लास्टिकच्या पाट्याला भेटतात. त्यात भर म्हणजे हाडं बुडाली की भार त्यांच्या मधल्या भागावर सरकतो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मुंग्या येतात त्या तिथून. म्हणजे दुकानात जिच्यावर बसून ‘वा!’ म्हणालो ती सीट पौड यायच्या आत छळायला लागते, आणि ‘ही काय फळी आहे का?’ म्हणून जिला नाकारलं ती मुळशीच्या पुढेही आहे तशीच राहते. बसता क्षणी कशी वाटते यापेक्षा तीन तासांनी कशी वाटते हे महत्त्वाचं. या वाक्यावर आजवर एकाही नवशिक्यानं विश्वास ठेवलेला नाही. ते इथे केवळ नोंदीसाठी दिलं आहे.

गृहपाठ: कुरियरचा खोका फाडून त्याचा एक पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा. त्यावर बसा, टाचा जरा उचला, अर्धा मिनिट थांबा, उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. बायकांचं सरासरीनं थोडं जास्त. सीटचा सपाट भाग या मापापेक्षा दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं तरी जास्त रुंद हवा. बहुतेक गाड्यांची सीट मात्र टाकीकडे निमुळती होत जाते, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत. ती पुढे उतरतीही असते, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला आपण थोडे थोडे टाकीकडे घसरतो आणि सर्वांत अरुंद जागी जाऊन स्थिरावतो. कंपनीला कोथरूडच्या सिग्नलची काळजी. ताम्हिणीत सिग्नल नाही.

पायरीवर बसलेले असताना खालच्या मजल्यावरचे काका आले तर काय चाललं आहे ते सांगू नये. ते राजदूतवरून डबलसीट महाबळेश्वरला गेले होते आणि बुडाखाली सतरंजीची घडी होती. काकूंचं मत विचारलं की मात्र विषय बदलतात.

धडा दुसरा: फुकटचे उपाय

या धड्याला शिक्षक मिळत नाहीत, कारण यात विकण्याजोगं काही नाही. टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढीच आहे का ते पाहा. पंपावरचा पोरगा प्रेमानं जास्त भरतो आणि मग प्रत्येक खडा थेट मणक्याला कळतो. मागच्या शॉकॲपला कडक-सैल करायची चकती असते. गाडी शोरूममधून निघाल्यापासून तिला कोणी हात लावलेला नसतो. ती आपल्या वजनाप्रमाणे फिरवून घ्या. मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्यावर बसून कंबर वाकडी होते आणि दोष सीटला मिळतो. जीनची जाड शिवण नेमकी हाडाखाली येते का ते पाहा. सायकलवाले आतून विनाशिवणीची चड्डी घालतात त्याला कारण आहे.

हे सगळं केल्यावर निम्म्या लोकांचा त्रास निम्मा होतो. अर्थात अशांचा पुढे या क्षेत्रात काही विकास होत नाही.

धडा तिसरा: वर टाकायच्या वस्तू

सीट उघडण्यापूर्वी तिच्यावर काहीतरी टाकून पाहण्याचा एक टप्पा असतो. तो टाळता येत नाही. टाळला तरी व्हॉट्सॲप ग्रुप टाळू देत नाही.

पहिला टॉवेल. तो भूगावातच घसरतो.

दुसरी घोंगडी. ही शिफारस गंभीरपणे करतो आहे. लोकरीतून हवा खेळते, घामाचा चिकटपणा येत नाही, आणि धनगराच्या हातची जुनी जाड घोंगडी घडी घालून पट्ट्यानं बांधली तर हिवाळ्यात तिच्यासारखं काही नाही. परदेशात याच कामाला मेंढीचं लोकरीसकट कातडं वापरतात आणि त्याची किंमत ऐकून आपल्याकडचा धनगर हसेल. पावसात मात्र घोंगडी पाणी पिऊन बसते आणि मग ताम्हिणीपर्यंत आपण तिच्यात बसतो.

तिसरे लाकडी मणी, जुन्या टॅक्सीवाल्यांच्या सीटवर असायचे तेच. दिसायला अघोरी, पण मण्यांच्या फटींतून वारा जातो, पाणी निथळतं आणि कूस न बदलता आपोआप थोडी हालचाल होत राहते. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. तिचं प्राथमिक प्रमाणपत्र मिळवायचं तर २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटरच्या वर गाडी चालवावी लागते. त्या मंडळींतही मण्यांचे भक्त आहेत. ज्यांना जगातल्या सगळ्या महागड्या गाद्या परवडतात ते मण्यांवर बसतात, ही गोष्ट गादी विकणारे सहसा सांगत नाहीत.

चौथं जेल. जेल दाबलं जात नाही, फक्त इकडून तिकडे सरकतं. एप्रिलात पौडच्या बाजारपेठेत गाडी उन्हात लावून रसाला गेलात तर परत आल्यावर ताबडतोब बसू नका. जेल ऊन साठवतं आणि सावकाश परत करतं.

पाचवा मेमरी फोम. त्याचा उगम १९६६ च्या सुमारास नासासाठी झालेल्या विमानातल्या आसनांच्या कामात आहे. ‘नासा’ हा शब्द दुकानदार दोनदा उच्चारतो. हा फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि थंडीत कडक. डिसेंबरच्या पहाटे मुळशीच्या पाण्यावर धुकं असताना तो दगड असतो, दुपारी परतताना लोणी. एकट्यानं त्याचं काम होत नाही. कडक थरावर पातळ पापुद्रा म्हणूनच तो शोभतो.

सहावी हवेची गादी. ही मूळची व्हीलचेअरवर तासन्‌तास बसावं लागणाऱ्यांसाठी जखमा होऊ नयेत म्हणून बनलेली वस्तू, त्यामुळे तिच्यामागे खरं डोकं लावलेलं आहे. छोटे छोटे कप्पे एकमेकांना जोडलेले असतात, भार सगळीकडे सारखा पसरतो. नवशिका ती टम्म फुगवतो आणि पिरंगुटच्या वळणांवर गाडी एकीकडे, स्वार दुसरीकडे असा प्रवास करतो. ती बसून, हवा सोडत सोडत, हाडं आणि सीट यांच्यात अर्धा इंच उरेल इतकीच ठेवायची. आणि चढण चढून उंचावर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते. कोकणात उतरलं की उलट. ताम्हिणीत थोडा फरक, लेहला चांगलाच.

धडा चौथा: नाना पेठ

इथवरच्या वस्तू वापरून झाल्यावर, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याबद्दल ग्रुपवर लिहून झाल्यावर, नवशिक्याला नाना पेठेत नेण्यात येतं. दुचाकीचा जो सुटा भाग नाना पेठेत मिळत नाही तो अजून तयार झालेला नाही, अशी पुण्यात श्रद्धा आहे. बजाजची पल्सर २००१ मध्ये आली, तेव्हापासून तिच्या सीटचं या गल्ल्यांत काय काय केलं गेलं असेल याचा हिशेब आकुर्डीला लागणार नाही.

तयार सीट घ्यावी की आपलीच उघडून करून घ्यावी? तयार सीट हजारो कमरांच्या सरासरीवर बेतलेली असते. सरासरी कंबर असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. माझं मत सरळ कुशनवाल्याच्या बाजूनं आहे.

कुशनवाला फुटपाथलगतच्या अरुंद गाळ्यात असतो. तो आधी गाडीकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. ‘बसा,’ म्हणतो. गाडीवर बसायचं, रोज बसता तसं, पोट आत न घेता. मग तो मागून पेनानं खूण करतो. वजन विचारतो. खरं सांगा. इथे चोरलेले पाच किलो पुढे परतफेड मागतात.

मग स्क्रू ड्रायव्हरनं स्टेपलच्या पिना उपटून रेक्झिन सोलतो. आतला फोम पिवळा पडलेला, मधोमध बसलेला. त्यावर तो हात फिरवतो आणि काही बोलत नाही. ब्लेडनं उतार कापतो, म्हणजे टाकीकडे घसरणं थांबतं. माकडहाडाच्या जागी खाच घेतो. सोल्युशन लावून नवा थर चिकटवतो आणि ग्राइंडरनं कडा मारतो.

इथे नवशिक्यानं एक प्रश्न विचारून आपलं ज्ञान दाखवायचं असतं: ‘डेन्सिटी किती?’ उत्तर येतं, ‘चाळीस.’ प्रश्न काहीही असो, उत्तर चाळीस येतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून तो किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. किती कडक लागेल ते वेगळं, तेवढ्याच डेन्सिटीचा फोम मऊही येतो आणि कडकही. खाली रिबॉन्डेडचा थर मागा. फोमचे तुकडे चुरून, चिकटवून, दाबून तो करतात. रंगीबेरंगी ठिपक्यांचा, दिसायला गरीब, पण तळाला जाऊ देत नाही. त्यावर इंचभर मऊ थर.

‘इतका कडक?’ तुम्ही विचाराल.

‘दादा, आठ दिवस शिव्या द्याल. मग मित्राला घेऊन याल.’

दोन गोष्टींवर मात्र कुशनवाल्या चाचांशी वाद घालावा. एक, कव्हर पहिल्याच दिवशी पक्कं ठोकू देऊ नका. चार-पाच पिनांवर तात्पुरतं बसवून घ्या, पौडपर्यंत जाऊन या, जिथे टोचलं तिथे खडूनं खूण करा आणि परत जा. चाचा कुरकुरतील. चहा सांगा. दोन, डिझाईन. चौकटी-चौकटीची शिलाई, दुरंगी पट्टे, मधोमध लाल दोऱ्यात आडनाव, हे सगळं ते आग्रहानं दाखवतात. हाडं टेकतात तिथे एकही शिवण नको. ती टोचते, आणि पावसाळ्यात प्रत्येक भोकातून पाणी आत जातं.

आणि वाढवलेला प्रत्येक इंच जमिनीपासूनही मोजला जातो. बुलेट ३५० ची सीट आधीच ८०५ मिलिमीटरवर असते. त्यावर दीड इंच चढवला की स्वाराला स्वर्ग दोन बोटं उरतो, पण भूगावच्या कोंडीत पाय टेकत नाही.

पावसाबद्दल वेगळा धडा नाही. रेक्झिनखाली जाड प्लास्टिकचा कागद घालून घ्या. नाही घातला तर फोम जूनमध्ये पाणी पितो आणि गणपतीपर्यंत थोडं थोडं परत देतो. कोरड्या दिवशी, इस्त्रीच्या पँटवर, ऑफिसला पोचल्यावर.

धडा पाचवा: मागची सीट

इथपर्यंत आपण मागे कोणी बसतं हे विसरलो होतो. सगळेच विसरतात. कायदा मात्र विसरलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे एकाच व्यक्तीला, तेही नीट घट्ट बसवलेल्या योग्य सीटवरच बसवता येतं. नियमांनी मागच्या माणसाला धरायला हँडल दिलं, पाय ठेवायला फूटरेस्ट दिले, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी दिली. हात, पाय आणि साडी यांची सोय झाल्यावर मधलं काय ते ‘योग्य’ या शब्दावर सोडलं. हल्लीच्या ऐटबाज गाड्यांवर या शब्दाचा अर्थ शाळेच्या पट्टीएवढा रुंद आहे.

मागच्या सीटची परीक्षा चालकानं घेऊ नये. तो घेतो आणि ‘मस्त आहे की!’ म्हणतो, कारण तो उभ्या गाडीवर दोन मिनिटं बसलेला असतो. मागे बसणाऱ्याला फूटरेस्टवर उभं राहून खड्डा चुकवता येत नाही, खड्डा येतो आहे हे दिसतही नाही. म्हणून फोमचा सर्वांत चांगला थर मागे हवा, आणि मागची सीट पुढे उतरती नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला पाठीवर हेल्मेट आपटतं. ‘अहो, मला पौडलाच उतरवा, मी पीएमपीनं जाते,’ हे वाक्य ऐकू आलं तर समजावं की फोम चुकला आहे. काहीच ऐकू आलं नाही तर जास्त चुकला आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा

सकाळी सहाच्या आत चांदणी चौक सोडा. पूर्वी परीक्षा इथेच सुरू होऊन इथेच संपायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल स्फोटानं पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा खुला झाला, आणि कोंडीला भूगावपर्यंत विनाअडथळा जाता येऊ लागलं.

नियम एकच: ज्या ठिकाणी पहिल्यांदा कूस बदलाल ते ठिकाण लक्षात ठेवा. दुसरं काहीही मोजू नका.

भुकूमच्या आत कूस बदलली तर सीट नाही, पाकीट काढायचं राहिलं आहे. पिरंगुट असेल तर फोम मऊ पडला. पौड हा सामान्य माणसाचा निकाल. शोरूममधून आलेली बरीचशी मंडळी इथे उत्तीर्ण-अनुत्तीर्णच्या सीमेवर असतात. मालेपर्यंत शांत बसलात तर चाचांना फोन करून दुवा द्या.

पुढे मुळशीच्या जलाशयाच्या कडेनं रस्ता जातो. १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन ठाण मांडलं, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो लढा १९२४ पर्यंत चालला, आणि तरी जमिनी पाण्याखाली गेल्या. या पट्ट्यात सीटबद्दलची तक्रार हळू आवाजात करावी.

ताम्हिणीपर्यंत एकदाही हालला नसाल तर दोन शक्यता आहेत. एक, सीट उत्तम जमली. दोन, खालची संवेदनाच गेली. गाडी बाजूला घेऊन चिमटा काढून पाहा, आणि निकाल त्याप्रमाणे लिहा. घाट उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. तो अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे.

वाटेत कणीस, भजी, चहा यांसाठी थांबल्यास परीक्षा रद्द धरली जाते, कारण दर तासाला पाच मिनिटं उतरून चाललं की लाकडी बाकही आरामदायी वाटतो. मुळशीच्या रस्त्यावर न थांबता गेलेला माणूस आढळात नाही. त्यामुळे सीटबद्दल जे कोणी छातीठोकपणे सांगतं त्याचा निकाल तांत्रिकदृष्ट्या राखून ठेवलेला असतो.

जुन्या सीटचं काय करावं

टाकू नका. चाचांना आपली मूळ सीट कापायला देण्यापेक्षा नाना पेठेतूनच एक जुनी सीट घेऊन तिच्यावर प्रयोग करा आणि मूळची प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून माळ्यावर ठेवा. उंदरांना फोम फार आवडतो. गाडी विकायची वेळ आली की येणारं गिऱ्हाईक टायर बघतं, इंजिनाचा आवाज ऐकतं आणि विचारतं, ‘ओरिजिनल सीट आहे ना?’ ती काढून लावून द्या. तो अंगठ्यानं दाबेल, खूष होईल, आणि साधारण दुसऱ्या रविवारी त्याचा फोन येईल. चाचांचा पत्ता तयार ठेवा.